दुखण्याची पैसेवारी ठरवायची कोणी?

गोठ्यातल्या बैलाला बोलता येत नाही. तरी पहाटे वैरण टाकायला गेलात की लांबूनच तुमच्या लक्षात येते, आज काहीतरी बिघडले आहे. कान पडलेले, रवंथ बंद, पाठ कमानीसारखी वर, एक पाय अलगद धरलेला आणि मधूनच दात खातोय. तुम्ही पाय चाचपता, खूर उचलून बघता आणि गुरांच्या डॉक्टरला निरोप धाडता. मुक्या जनावराचे दुखणे ओळखण्यात आपल्या शेतकऱ्याचा हात धरणारा कोणी नाही.

आता त्याच घरातल्या म्हातारीचे बघा. सहा महिने झाले, कंबर धरून उठते. विचारले तर म्हणते, "काही नाही रे बाबा, वयाचं दुखणं हाय." शेवटी दवाखान्यात नेली. डॉक्टरांसमोर ती बसली, पण बोलला मुलगा, "कंबर दुखती म्हणती." बाहेर रांग लागलेली. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि पुढचा रुग्ण आत आला. किती दुखते, कुठून कुठे कळ जाते, रात्री झोप लागते का, मागच्या गोळीने किती फरक पडला, यातले काही तिला कोणी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. केसपेपरवर वजन आले, रक्तदाब आला, ताप आला. ज्यासाठी ती आली होती ते दुखणे मात्र 'अंगदुखी' या एका शब्दात गुंडाळले गेले.

बैलाला जेवढे निरखून बघतो, तेवढे माणसाला विचारतो का? हा प्रश्न डॉक्टरांइतकाच तुम्हाआम्हालाही लागू आहे.

बांधावरून अंदाज चालणार नाही

पिकाची पैसेवारी काढायची वेळ आली की गावात काय वातावरण असते ते तुम्हाला सांगायला नको. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर चावडीत आवाज चढतात. बांधावर उभे राहून कोणी आकडा टाकला तर आपण चिडतो. "शेतात उतरा, प्लॉट पाडा, कापणी करा, मळून वजन करा आणि मग लिहा," असे आपण ठणकावून सांगतो. ते रास्तच आहे.

दुखण्याच्या बाबतीत मात्र सगळा कारभार बांधावरूनच चालतो. ओरडतोय म्हणजे फार दुखत असणार, गप्प बसलाय म्हणजे फारसे नसणार, हसून बोलतोय म्हणजे नाटक असणार. घरचेही असेच ठरवतात आणि दवाखान्यातही बऱ्याचदा असेच ठरते.

तापाला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला पट्टा आहे. दुखणे किती हे रोजच्या दवाखान्यात दाखवील असे यंत्र मात्र नाही. एक्स-रेमध्ये गुडघा झिजलेला दिसतो, पण माणूस नांगर धरतो. दुसऱ्याचा एक्स-रे जवळपास बरा असतो, पण त्याला जिना चढवत नाही. म्हणून वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेली वेदनेची व्याख्या २०२० साली सुधारली, तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट केल्या. माणूस दुखते म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान ठेवला पाहिजे. आणि एखाद्याला सांगता येत नाही म्हणून त्याला वेदना नाहीत असे समजू नये. ही दुसरी गोष्ट माणसाला लागू आहे, तशीच जनावरालाही.

म्हणजे या शेताचा खातेदार एकच, ज्याला दुखते तो. पैसेवारी त्यानेच सांगायची. बाकीच्यांनी विचारायची आणि लिहून घ्यायची.

मापे साधी आहेत

आता तुम्ही म्हणाल, यंत्र नाही तर मोजायचे कसे? मापे आहेत आणि फुकटची आहेत. सगळ्यात चालणारे माप शून्य ते दहाचे. काहीच दुखत नाही म्हणजे शून्य, याहून वाईट दुखणे असूच शकत नाही म्हणजे दहा. "आत्ता तुमचं किती?" साधारणपणे एक ते तीन सौम्य, चार ते सहा मध्यम, सात आणि पुढे तीव्र, असे धरतात. दुसरे माप दहा सेंटिमीटरच्या रेघेचे. रुग्णाने रेघेवर बोट ठेवायचे आणि पट्टीने मोजायचे. लहान मुलांसाठी १९८०च्या दशकात अमेरिकेत डोना वाँग आणि कॉनी बेकर या दोघींनी सहा चेहऱ्यांची पट्टी तयार केली. हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत. आपल्याला कसे वाटते तो चेहरा पोराने दाखवायचा. शाळा न शिकलेल्या मोठ्या माणसांनाही चेहऱ्यांचे चित्र सोपे जाते.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना 'दहापैकी आठ' ही भाषा परीक्षेतल्या गुणांसारखी वाटते. त्यांना रुपयात विचारा. "रुपयाला किती आणे दुखतंय?" "बारा आणे." गोळीनंतर विचारा, "आता?" "सा आण्यावर आलं." झाले की माप! आपली माणसे पूर्वीपासून असेच बोलतात, फक्त ते कोणी लिहून ठेवत नाही. पण एक पथ्य पाळा. एकदा आण्यांत विचारले तर पुढेही आण्यांतच विचारा. पायली आणि किलो एका हिशेबात मिसळू नका.

दुसरे पथ्य त्याहून महत्त्वाचे. एकाचे माप दुसऱ्याशी ताडून बघायचे नाही. शेजारचा पाच म्हणतो आणि तुम्ही आठ म्हणता, म्हणून तुम्ही नाजूक ठरत नाही. बघायचे ते एवढेच, की त्याच माणसाचे काल किती होते आणि औषधानंतर किती झाले. दहाच्या मापात दोन अंकांनी किंवा मूळच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उतरले, तर रुग्णाला खरा फरक जाणवला असे अभ्यासक धरतात. एकदाच विचारून केलेले मोजमाप म्हणजे पेरणी करून पुन्हा शेताकडे न फिरकणे.

आपल्या भाषेत दुखण्याला तोटा नाही

किती दुखते याच्याइतकेच कसे दुखते हेही महत्त्वाचे. कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत दुखण्याचे वर्णन करणारे ७८ शब्द गोळा केले होते. रुग्णाने आपल्याला लागू पडतील ते निवडायचे. आपण मराठीत मोजायला बसलो तर मागे पडणार नाही. ठणका, कळ, चमक, उसण, सल, आग, भगभग, जळजळ, मुरडा, ठुसठुस, टोचणी, हुळहुळ, मुंग्या. यातला प्रत्येक शब्द वेगळे दुखणे दाखवतो, आणि डॉक्टरला त्यातून वाट सापडते.

आग होते, करंट बसल्यासारखे होते, मुंग्या येतात असे म्हणालात, तर नसांचे दुखणे असू शकते. मधुमेहात पायांना होते तसे, किंवा नागीण येऊन गेल्यावर राहते तसे. अशा दुखण्याला नेहमीची अंगदुखीची गोळी फारशी लागू पडत नाही, त्याची औषधे वेगळी असतात. गळवासारखा ठणका मारतो म्हणालात, तर आत पू असल्याची शंका येते. कळ येते आणि जाते, पुन्हा येते, म्हणालात, तर मुतखडा किंवा आतड्याचा विचार होतो. छातीवर ओझे ठेवल्यासारखे किंवा छाती आवळल्यासारखी वाटते म्हणालात, तर तिथे विचार करत बसायचे नाही, गाडी काढायची.

आणि हे शब्द 'अंग दुखतंय' या दोन शब्दांत बुडवले, तर काय होते? मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या सुरू होतात. एकाने भागले नाही तर दोन, मग दुसऱ्या कंपनीची. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय महिनोन् महिने खाल्ल्या तर जठरात जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते. न मोजलेले दुखणे असे महागात पडते.

बोलता न येणाऱ्यांचे काय?

तान्ह्या पोराचे कसे कळायचे? यात डॉक्टरी शास्त्रानेही मोठी चूक केली होती. तान्ह्या बाळांना वेदना नीट कळतच नाहीत, असा समज १९८०च्या दशकापर्यंत बऱ्याच ठिकाणी होता. पुरेशी भूल न देता बाळांवर शस्त्रक्रिया होत होत्या. मूळचे भारतीय असलेले डॉ. कंवलजित आनंद यांनी इंग्लंडमध्ये काम करताना १९८७ साली दाखवून दिले, की बाळाच्या शरीराला शस्त्रक्रियेचा जबर ताण बसतो आणि भूल नीट दिली तर तो कमी होतो. त्यानंतर जगभर ही पद्धत बदलत गेली. ज्याला बोलता येत नाही त्याला दुखत नाही, हे गृहीत धरले की काय होते, याचा हा धडा.

१९९७ साली लहान मुलांसाठी एक तक्ता आला. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे या पाच गोष्टी बघायच्या. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण दहा. विसरभोळेपणाच्या आजाराने बोलणे तुटलेल्या वृद्धांसाठीही असाच तक्ता आहे. त्यात श्वास, कण्हणे, चेहरा, अंगाचा ताठरपणा आणि समजूत पटणे बघतात. म्हणजे शेतकरी गोठ्यात जे करतो, तेच. घरातला आजोबा एकाएकी जेवायचा थांबला, कूस बदलताना हात झिडकारू लागला, तर 'म्हातारा चिडखोर झालाय' म्हणून सोडून देऊ नका. कुठे दुखते ते बघा.

आणि बोलता येत असून न बोलणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आपल्या घरात आहे, बायामाणसांचा. 'बाईच्या जातीला सोसायचंच असतं' हे लहानपणापासून कानावर पडलेले. आठ आणे दुखले तर ती 'थोडंसं' म्हणते, सोळा आणे झाले तरी 'थोडंसं'च म्हणते. वर दवाखान्यात तिच्या वतीने नवरा किंवा सासू बोलणार. कृपा करून एक करा, डॉक्टरांसमोर तिलाच बोलू द्या.

आकडा लहान, धोका मोठा

इथे एक सावधानता सांगणे जरूर आहे. दुखण्याचा आकडा म्हणजे आजाराचा आकडा नव्हे. याचे सगळ्यात मोठे उदाहरण आपल्या शेतातच आहे. मण्यार चावली तर बऱ्याचदा फारसे दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणाही दिसत नाहीत. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मुंगी चावल्यासारखे वाटते. मग पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. 'दुखत नाही, म्हणजे बिनविषारी असेल,' या हिशेबाने माणसे गेली आहेत. दुखो न दुखो, सापाची लस असलेला दवाखाना गाठायचाच.

विंचवाचे उलटे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणातल्या तांबड्या विंचवाच्या दंशाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि प्राझोसिन हे औषध १९८०च्या दशकात या उपचारात आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दंशाच्या जागी मरणाची आग आहे, पण अंग कोरडे आणि हातपाय गरम आहेत, तर धोका सहसा कमी असतो. दरदरून घाम, वांत्या, हातपाय गार, हा मात्र जिवावरचा प्रकार, मग दंशाची जागा कमी दुखत असली तरी. दाखवायचे दोघांनाही, पण घाई कोणाची हे दुखण्यावरून ठरत नाही. मधुमेहवाल्याला छातीत फारसे न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, तोही याच जातीचा प्रकार.

आकड्याच्या मागे आंधळेपणाने धावले तर काय होते, ते अमेरिकेने दाखवले. ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब या चार खुणांसोबत वेदना ही पाचवी खूण धरा, अशी मोहीम तिथे १९९०च्या दशकात सुरू झाली. हेतू चांगला होता. पण १९९६ साली बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिनसारख्या अफूच्या जातीच्या गोळ्यांचा कंपनीने जोरात प्रचार केला आणि आकडा खाली आणण्यासाठी गोळ्यांचा मारा झाला. लाखो लोक व्यसनात अडकले, असंख्य मेले. या गोळ्यांच्या प्रचाराबद्दल पर्ड्यू कंपनीने २००७ आणि २०२० साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. २०१६ साली तिथल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने 'पाचवी खूण' ही कल्पना सोडून द्यावी असे ठरवले. धडा असा, की आकडा विचारायचा तो माणूस समजून घेण्यासाठी. आकडा दिसला की गोळी, असा हिशेब नव्हे.

अफू आपल्या देशात, वेदना आपल्या घरात

अमेरिकेत अती झाले, तर आपल्याकडे दुष्काळ आहे. मध्य प्रदेशातले मंदसौर आणि नीमच, राजस्थानातले चित्तोडगड या भागांत आपल्यासारखेच शेतकरी सरकारी परवान्यावर अफू पिकवतात. सरकार ती विकत घेते. नीमच आणि गाझीपूर इथे सरकारी कारखाने आहेत. परवाना टिकवायचा तर हेक्टरी किती किलो मॉर्फिन उतरले याचा काटेकोर हिशेब शेतकऱ्याला द्यावा लागतो. पण हे मॉर्फिन ज्याच्यासाठी, त्या कर्करोगाच्या रुग्णाचे दुखणे मात्र कोणी मोजत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉलसारखी औषधे, त्याहून जास्त असेल तर कोडीनसारखी, तीव्र असेल तर मॉर्फिन. तेही शक्यतो तोंडाने आणि घड्याळ लावून, दुखण्याची वाट न बघता. पाहा, पायरी ठरवायची तर आधी दुखणे मोजावेच लागते. मोजले नाही तर रुग्ण पहिल्याच पायरीवर कण्हत राहतो.

१९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा आला. शिक्षेच्या आणि परवान्यांच्या धास्तीने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. औषध म्हणून त्याचा वापर पुढच्या काही वर्षांत ९० टक्क्यांहून जास्त घटला. २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिनसह काही औषधे अत्यावश्यक ठरली आणि अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता मिळण्याची सोय झाली. तरीही २०१७ साली 'लॅन्सेट'च्या आयोगाने हिशेब मांडला तेव्हा भारतात गरजेच्या सुमारे ४ टक्केच वेदनाशामक मॉर्फिन पोचत असल्याचे दिसले. कायदा बदलला, पण दवाखान्यातली विचारण्याची सवय बदलली नाही. घरच्यांनाही 'व्यसन लागेल' ही भीती असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून, कर्करोगाच्या वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागणे दुर्मीळ आहे. बद्धकोष्ठता मात्र होते, त्यासाठी सोबत औषध देतात.

होऊ शकते हे केरळने दाखवले. १९९३ साली कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे केंद्र सुरू केले. पुढे गावोगावचे लोक त्यात उतरले. २००८ साली राज्याने धोरण केले आणि ग्रामपंचायतींनी घरी जाऊन सेवा देणाऱ्या नर्सची जबाबदारी घेतली. खाटेवरच्या रुग्णाला नर्स घरी येऊन विचारते, "आज किती?" हे काम पंचायतीचे आहे, हे तिथे मान्य झाले. आपल्या पंचायतीत रस्ता आणि गटार यांच्या जोडीला हा विषय कधी आला आहे का?

गावाने करायच्या गोष्टी

सरपंच आणि ग्रामपंचायतीचे अधिकारी यांना विनंती अशी. गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छतेची समिती आहे. तिच्या बैठकीत एक प्रश्न घ्या, गावात अंथरुणाला खिळलेले किती आणि त्यांचे दुखणे कोण विचारते? वेदनाशमन आणि अखेरच्या काळातली शुश्रूषा ही आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत आहे. मग आपल्या उपकेंद्रात ती मिळते का, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. चेहऱ्यांचे चित्र आणि शून्य ते दहाची पट्टी भिंतीवर लावायला मोठा निधी लागत नाही. मॉर्फिन देणारे जवळचे मान्यताप्राप्त रुग्णालय कोणते, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून लेखी मागून घ्या.

आणि घरोघरी एक करा. दवाखान्यात जाण्याआधी पोरांच्या जुन्या वहीत पाच गोष्टी लिहून न्या. कुठे दुखते. कधीपासून. कसे दुखते, तुमच्याच शब्दांत. रुपयाला किती आणे, बसल्यावर किती आणि चालल्यावर किती. कशाने वाढते, कशाने उतरते, झोप लागते का. औषध घेतल्यावर रोजचा आकडा त्याच वहीत लिहा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर ठेवा. रांग कितीही मोठी असली तरी लिहिलेला कागद डॉक्टरला वाचावा लागतो.

पिकाच्या पैसेवारीसाठी आपण चावडीवर भांडतो. त्यातली थोडी धमक घरातल्या दुखण्यासाठी ठेवा. आज संध्याकाळी घरी गेलात की त्या म्हातारीजवळ दोन मिनिटे बसा आणि विचारा, "आई, आज रुपयाला किती?" ती आधी 'काही नाही' म्हणेल. पुन्हा विचारा.